दुसऱ्या भाषेचा रकाना

एका मुलीचं कॉलेजचं वर्ष माझ्यामुळे बुडालं. तिचा अभ्यास उत्तम होता, हजेरी पुरेशी होती, वागणुकीबद्दल कोणाची तक्रार नव्हती. मी एका छापील फॉर्मच्या एका रकान्यात न विचारता एक शब्द लिहिला. तो चुकीचा निघाला. चुकीचा आहे हे कळल्यावर तो दुरुस्त करायला मला पुरेसे दिवस होते, आणि ते दिवस मी गप्प बसून घालवले. हे मी बायकोलाही कधी सांगितलं नव्हतं. आता चाळिशी ओलांडली आहे. लिहिताना स्वतःची बाजू सावरायचा मोह होईल हे मला माहीत आहे, म्हणून जे वाईट आहे ते आधीच सांगून टाकलं.

स्वातंत्र्य मिळून वर्ष-दीड वर्ष झालं होतं. नगरला एका नव्या कॉलेजच्या कचेरीत मी कारकून होतो. वय बावीस. वडील भिक्षुकी करीत. मी मॅट्रिक झालो त्याच वर्षी ते गेले. पुढे शिकायची फार इच्छा होती, पण घरात आई आणि दोन धाकट्या बहिणी. मग कॉलेजात शिकायला जायचं ते कॉलेजात फॉर्म भरायला गेलो. खिडकीच्या अलीकडे मी आणि पलीकडे माझ्याच वयाची मुलं. त्या खिडकीने माझ्या मनात काय काय केलं हे तेव्हा मला कळत नव्हतं.

कचेरीत आम्ही तिघे. हेडक्लार्क कलेक्टर कचेरीतून निवृत्त होऊन आलेले, तपकिरीची डबी सतत हाताशी, चूक शोधण्यात वाकबगार. एक शिपाई, जामखेडकडचा, पन्नाशीचा. त्याला सगळे मामा म्हणत. आणि मी. माझी नेमणूक हंगामी होती. वर्षअखेरीस काम बघून कायम करायचं की नाही ते ठरणार होतं.

आता टर्मचं प्रकरण थोडं समजावून सांगायला हवं, कारण सगळं त्यावर उभं आहे. इंटरच्या, म्हणजे कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाच्या, दोन टर्म असत. जूनपासून दिवाळीपर्यंत पहिली, दिवाळीनंतर मार्चपर्यंत दुसरी. दोन्ही ‘भरल्या’ तरच परीक्षेला बसता येई. टर्म भरायची म्हणजे हजेरी हवी, चाचण्या दिलेल्या हव्यात, आणि सक्तीचे सगळे विषय घेतलेले हवेत. इंग्रजी सक्तीचं, दुसरी एक भाषा सक्तीची, शिवाय सकाळची कवायतही सक्तीची. मुलं कुरकुरत. ज्याला वकील व्हायचं तो म्हणे, मला तर्कशास्त्र चालेल, पण या उड्या कशाला? मामा त्यांना म्हणायचा, “वकिलाला पळावं लागतंय रं, पक्षकार मागं लागल्यावर.”

एका कॉलेजात भरलेली टर्म दुसऱ्या कॉलेजात धरली जात असे. फक्त विषय तेच हवेत, दुसरी भाषा तीच हवी, आणि नव्या कॉलेजला ती भाषा शिकवायची परवानगी असायला हवी. आमच्याकडे संस्कृत, फारसी आणि अर्धमागधी एवढ्याच होत्या. मुलगा दुसरीकडून आला की आम्ही एक फॉर्म भरून युनिव्हर्सिटीकडे पाठवायचो. युनिव्हर्सिटीने मान्य केलं की जुनी टर्म नव्या टर्मला जोडली जायची.

दिवाळीनंतर ती मुलगी आली. पुण्याच्या एका कॉलेजात तिने इंटरची पहिली टर्म भरली होती. वडील राहुरीला मिशनच्या शाळेत शिक्षक. त्यांना अर्धांगाचा झटका आला, म्हणून घराजवळ राहता यावं अशा बेताने ती पुणं सोडून नगरला आली. मुलींच्या वसतिगृहात राहायची आणि शनिवारी राहुरीला जायची. पांढरं सुती पातळ, हातात कापडी पिशवी, आणि बोलणं अगदी स्वच्छ.

“भाऊसाहेब, माझी पुण्याची टर्म इथं धरतील ना?” तिने विचारलं.

“धरतील की. न धरायला काय झालं? इथे खाली सही करा.”

तिने फॉर्म हातात घेतला, उलटून पाहिला. “पण वरचं सगळं कोरं आहे.”

“वरचं मी भरतो. आमची तशीच पद्धत आहे. खालची सही तुमची, वरचं काम आमचं.”

ती हसली. “वडील म्हणतात, कोऱ्या कागदावर सही करू नये.”

“त्यांना सांगा, हा कोरा कागद नाही, छापील फॉर्म आहे.”

हेडक्लार्क चिमूट नाकाशी नेता नेता हसले. त्यांना हसवता आलं म्हणून मला केवढं बरं वाटलं! तिने सही केली. वळणदार, सावकाश सही होती. ती पद्धत मी काढलेली नव्हती, सगळ्या कचेऱ्यांत तशीच होती. मुलांना फॉर्म भरायला दिले की खाडाखोड होते, दोन फॉर्म वाया जातात. म्हणून आधी सही घ्यायची आणि मग सवडीने आपण भरायचं. सोयीची पद्धत. सोय कोणाची, हा प्रश्न आम्हाला कधी पडला नाही.

टपाल चारला निघायचं. त्या दिवशी माझ्यापुढे सात फॉर्म होते. पुण्याच्या कॉलेजचा तिचा दाखला अजून आलेला नव्हता, त्यामुळे विषय समोर नव्हते. इंग्रजी, तर्कशास्त्र, इतिहास हे मी सवयीने लिहीत गेलो. मग दुसऱ्या भाषेचा रकाना आला. मी वर पाहिलं. तिचं आडनाव दिसलं आणि धर्माच्या रकान्यात मीच थोड्या वेळापूर्वी लिहिलेलं ‘ख्रिश्चन’ दिसलं. तोवर कॉलेजात मी दोनच ख्रिस्ती विद्यार्थ्यांचे फॉर्म हाताळले होते. दोघंही मुंबईहून आलेली, आणि तिकडे दोघांची दुसरी भाषा फ्रेंच होती. माझ्या हाताने फ्रेंच लिहिलं. ती भाषा आमच्याकडे नाही, हेही टपालाच्या घाईत ध्यानात आलं नाही.

मुलींची बसायची खोली आमच्या कचेरीपासून वीस पावलांवर होती. ती त्या वेळी तिथेच बसलेली होती. मामाला नुसतं म्हणालो असतो, विचारून या, तरी दोन मिनिटांत उत्तर आलं असतं. पण विचारावं असं मला वाटलंच नाही, कारण शंका आली नाही. राहुरीच्या शाळामास्तरांची मुलगी फ्रेंच कुठून शिकेल, हेही डोक्यात आलं नाही. आणि संस्कृत हा शब्द तर आडनाव पाहिल्यावर माझ्या मनाच्या उंबऱ्यापर्यंतही आला नाही. भिक्षुकाचा मुलगा मी. संस्कृत आमच्या घरची, असं मी न बोलता धरून चाललो होतो. प्रत्यक्षात मॅट्रिकला मी संस्कृतात कसाबसा पास झालो होतो.

आठवडाभराने मामा घंटा देऊन आत आला आणि दारातच थांबला.

“भाऊसायेब, ऐकलं का? मिशनवाल्या बाईनं शास्त्रीबुवांच्या वर्गात कमाल केली.”

शास्त्रीबुवा म्हणजे संस्कृतचे प्राध्यापक. त्यांना हे नाव मामानेच दिलेलं.

“काय केलं?”

“मला काय कळतंय त्यातलं! पर मास्तर म्हनले, पुन्हा म्हना. तिनं पुन्हा म्हनलं. आन् मागच्या बाकावरची पोरं हसायची बंद झाली. लई हुशार हाय.”

मी उठलो आणि काही काम असल्यासारखा व्हरांड्यातून त्या वर्गावरून गेलो. ती उभी होती. श्लोक म्हणून झाला होता आणि आता त्याचं वृत्त कोणतं, गण कसे पाडायचे, हे ती सांगत होती. भुजंगप्रयात. शास्त्रीबुवा डोळे मिटून मान डोलवत होते. लहानपणी हेच गण न आल्याबद्दल मी वडिलांच्या हातचे फटके खाल्ले होते.

तिथेच मला कळलं की फॉर्ममध्ये मी काय लिहून बसलो आहे. पण त्याच्या मागोमाग आणखी काही आलं, आणि ते मी इथे लिहिलं नाही तर हे सगळं लिहिण्यात अर्थ नाही. मला तिचा हेवा वाटला. जे वर्ग मला मिळायला हवे होते असं मला वाटे, त्यातल्या एका वर्गात ती उभी होती, आणि जी विद्या आमची म्हणून मी मिरवत होतो ती तिला येत होती. मी जागेवर येऊन बसलो आणि स्वतःला सांगितलं: पुण्याचा दाखला आला की त्यासोबत एक ओळीचं पत्र लिहू आणि दुरुस्ती करून टाकू. घाई काय आहे?

त्यानंतर एकदा ती वेळापत्रक उतरवून घ्यायला खिडकीशी आली होती. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, “संस्कृत कसं काय घेतलंत?”

“वडिलांमुळे,” ती म्हणाली. “ते चर्चमध्ये कीर्तन करतात. करायचे. पदं स्वतः रचतात. एखाद्या ओळीत मात्रा चुकली की जेवण गोड लागत नाही त्यांना. तरुणपणी त्यांना संस्कृत शिकायचं होतं. गावातल्या शास्त्र्यांनी ओटीवर बसू दिलं, पाणीही दिलं वरून, पण शिकवलं नाही. म्हणाले, तुला काय करायचंय? तेव्हा त्यांनी ठरवलं, आपल्याला मूल झालं की ते शिकेल.”

“आणि इंटर झाल्यावर?”

“त्यांच्या शाळेत वरच्या वर्गांना शिकवायला इंटर झालेली शिक्षिका हवी आहे. मार्चमध्ये पास झाले तर जूनपासून मला घेतील. म्हणजे शाळेने राहायला दिलेली खोली आमच्याकडेच राहील.” मग तिने पुढे सांगितलं, “वडिलांना आता हलवणं कठीण आहे हो. अंगणातलं लिंबाचं झाड दिसलं नाही तर कावरेबावरे होतात.”

हे सगळं तिने मला सांगितलं होतं. पुढे जे केलं ते मला काही माहीत नव्हतं म्हणून केलं, असं मी म्हणू शकत नाही.

जानेवारीच्या सुरुवातीला युनिव्हर्सिटीचं पत्र आलं. टपाल फोडून आवक नोंदवहीत लिहायचं काम माझं, म्हणून ते आधी माझ्याच हाती पडलं. पत्र इंग्रजीत, चार ओळींचं. सदर विद्यार्थिनीची दुसरी भाषा फ्रेंच असून आपल्या महाविद्यालयास त्या भाषेची मान्यता नाही, सबब मागील टर्म धरता येत नाही. माहितीत चूक असल्यास मूळ दाखल्यासह पंधरा दिवसांत कळवावे.

पंधरा दिवस. पुरेसे होते. एक पत्र, प्रिन्सिपॉलसाहेबांची सही, झालं. पण ते पत्र हेडक्लार्कच्या टेबलावरून जाणार होतं. त्याआधी महिन्याभरापूर्वी मी दोन विद्यार्थ्यांच्या जन्मतारखांची अदलाबदल केली होती, आणि त्यांनी सगळ्यांदेखत मला सुनावलं होतं, “पंडितजी, आणखी एक अशी चूक, की मग तुम्ही सत्यनारायण सांगायला मोकळे.” मामाही तेव्हा हसला होता. ते हसणं माझ्या कानात होतं. आणि हंगामी हा शब्द होता. आई आणि बहिणी होत्या. ही कारणं खरी आहेत. तरी ती पुरेशी नाहीत, हे मला तेव्हाही कळत होतं.

मी ते पत्र नोंदवहीत लिहिलं, तिच्या फायलीत लावलं आणि हेडक्लार्कपुढे इतर पत्रांच्या ढिगात न ठेवता फाईल माझ्याच फळीवर ठेवली. उद्या बघू म्हणालो. दुसऱ्या दिवशीही तेच म्हणालो.

आठव्या दिवशी पुण्याच्या कॉलेजचा दाखला आला. तोच, ज्याची मी वाट पाहतो असं स्वतःला सांगत होतो. त्यात स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं: दुसरी भाषा, संस्कृत. खाली शेरा, वर्गात पहिली. अजून सात दिवस हातात होते. मी दाखला पत्राच्या मागे लावला, फाईलला दोरी गुंडाळली आणि गाठ मारली. ती गाठ मारताना बोटं किती सावकाश चालली ते मला आजही आठवतं. फॉर्ममध्ये फ्रेंच लिहिलं ती चूक होती. कोणाच्याही हातून व्हावी अशी. ही गाठ मात्र मी पाहून, समजून मारली.

सोळाव्या दिवशी मी मामाला पाठवून तिला बोलावलं. मुदत संपेपर्यंत थांबलो होतो, म्हणजे आता काहीच करता येणार नाही हे मला खरेपणाने सांगता यावं.

“तुमची पुण्याची टर्म धरलेली नाही,” मी म्हणालो.

तिला आधी समजलंच नाही. “धरली नाही म्हणजे?”

“म्हणजे यंदा परीक्षेला बसता येणार नाही. पुढच्या जूनपासून दोन्ही टर्म पुन्हा भराव्या लागतील.”

“पण का? हजेरी भरली होती. चाचण्या दिल्या होत्या.”

“विषय जुळत नाहीत.”

“कोणता विषय?”

मी टेबलावरची टाचणी उचलली आणि ठेवली. “ते युनिव्हर्सिटी कळवत नाही. नियमच तसा आहे.”

“इथे तेच विषय घेतलेत मी. एकही बदलला नाही.” तिचा आवाज चढला नव्हता. ती खरंच शोधत होती, आपलं कुठे चुकलं ते. “प्रिन्सिपॉलसाहेबांना भेटू का?”

“भेटा की. पण फॉर्म तुमच्या सहीने गेलाय आणि त्यांच्या सहीने. आता त्यांच्याकडे जाऊन ‘तुम्ही सही चुकीची केलीत’ असं म्हणायचं, ते बरं दिसेल का?”

ती पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत उभी राहिली. मग म्हणाली, “नियमच असेल तर तुम्ही तरी काय करणार, भाऊसाहेब,” आणि गेली. जाताना माझी समजूत घातल्यासारखं बोलून गेली. तिने भांडण केलं असतं तर कदाचित मी त्याच क्षणी कबूल केलं असतं. असं मला वाटतं. खात्री देता येत नाही.

दोन-तीन दिवसांनी शास्त्रीबुवा स्वतः कचेरीत आले. “ती राहुरीची मुलगी वर्गात दिसत नाही. काय झालं?”

“टर्म धरली नाही, सर. नियमच तसा आहे.”

“कुठला आचरट नियम हा?” ते म्हणाले. हेडक्लार्कने वर पाहिलं, पण फाईल मागितली नाही. मी खाली पाहिलं. शास्त्रीबुवा पंचा झटकून निघून गेले. तेही कागदाला घाबरणारे होते. कागद म्हटला की आम्ही सगळेच गप्प व्हायचो.

संध्याकाळी कचेरी बंद करताना मामाने विचारलं, “भाऊसायेब, टरम म्हंजी काय वो?”

“सहा महिन्यांचं शिक्षण.”

“मग ती शिकली हुती न्हवं सा महिने?”

“शिकली होती.”

“मग ती शिकली त्ये गेलं कुठं?”

“जात नाही कुठे. धरलं जात नाही.”

मामाने कुलूप लावलं, ओढून पाहिलं. “आसला नियम करनाऱ्याला पोरगी नसंल,” म्हणाला.

मार्चमध्ये मला कायम करण्यात आलं. हेडक्लार्कने शेरा लिहिला होता: काम काळजीपूर्वक.

जूनमध्ये मिशनने राहुरीची जागा दुसऱ्या बाईंना दिली. खोली सुटली. ती मुलगी वडिलांना घेऊन जामखेडला गेली, तिथे मॅट्रिकवर प्राथमिक शाळेत नोकरी मिळाली. हे मला मामानेच सांगितलं, कारण त्याचं गाव तिकडचं. “मिशनवाली बाई आमच्याकडं आली हाय. बापाला बैलगाडीतनं आनला. पोरांना लई जीव लावती.” तेव्हा ती कुठे आहे ते मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. पत्ता माहीत नव्हता, अशी पळवाटही मला नव्हती.

पुढची वर्षं गेली. बहिणींची लग्नं झाली, माझं झालं. हेडक्लार्क वारले, त्यांच्या खुर्चीवर मी बसलो. बसल्या दिवशी एक पद्धत बंद केली. कोऱ्या फॉर्मवर सही घ्यायची नाही. आधी प्रत्येक रकाना विद्यार्थ्याला विचारून भरायचा, भरलेला वाचून दाखवायचा, मग सही. खिडकीशी रांगा लागायच्या, धाकटे कारकून चिडायचे. एकजण माझ्या पाठीमागे म्हणाला, “साहेब फॉर्म भरत नाहीत, पोथी वाचतात.” लोक मला चोख म्हणू लागले. त्या शब्दाने मला दर वेळी कसनुसं व्हायचं. इतर शेकडो मुलांपाशी चोख वागून एका मुलीशी केलेलं फिटेल, अशी माझी काहीतरी समजूत असावी.

दरवर्षी दिवाळीनंतर बाहेरून आलेल्या मुलांचे फॉर्म निघाले की दुसऱ्या भाषेच्या रकान्यापाशी माझं पेन अडायचं. मी या कामात जन्म घालवला आहे, तरी शिकणं म्हणजे काय ते मला नीट सांगता येणार नाही. एवढंच दिसलं की पुण्यात शिकलेलं भुजंगप्रयात नगरच्या वर्गात तिला तसंच्या तसं येत होतं. गाडीत बसून ते तिच्याबरोबर आलं होतं. त्याला कोणाचा दाखला लागला नव्हता. दाखला लागत होता आम्हाला, ओळखायला. आणि ओळखायच्या जागेवर मी बसलो होतो.

गेल्या वर्षी कचेरीतली जुनी कागदपत्रं काढून टाकायचं ठरलं. मोठ्या पेटाऱ्यातून फायली निघाल्या. तिची फाईल हाती आली. दोरी कुजली होती, पण गाठ तशीच. ती सोडवायला मला वेळ लागला. आत फॉर्म, त्यावर माझ्या अक्षरात फ्रेंच आणि खाली तिची सावकाश केलेली सही. त्यामागे युनिव्हर्सिटीचं पत्र. त्यामागे पुण्याचा दाखला. जपून ठेवायची मुदत संपलेले हे कागद जाळायला माझीच मंजुरी हवी होती. म्हणजे मी सही केली की जगात पुरावा उरणार नव्हता. मी तिन्ही कागद घडी घालून पिशवीत ठेवले आणि पुढच्या रविवारला जोडून रजा टाकली.

जामखेडच्या एस.टी.त खिडकीशी बसलो होतो. वाटेत सगळं माळरान, खुरटी बोरं, मधूनच एखादी विहीर. काय बोलायचं ते मी घोकत होतो. हंगामी नोकरी, घरची जबाबदारी, हेडक्लार्कचा दरारा, हे सगळं ओळीने लावून ठेवलं होतं.

शाळा सुटत होती. मुलं “बाई, जातो” म्हणत पळत होती. बाई दारात उभ्या होत्या. केस पांढरे व्हायला लागलेले, चष्मा आलेला. त्यांनी मला क्षणभर न्याहाळलं आणि म्हणाल्या, “भाऊसाहेब? नगरचे ना तुम्ही?”

त्यांना आता एकेरी म्हणणं शक्य नव्हतं. मनातसुद्धा नाही.

वर्गातल्या एकुलत्या खुर्चीवर त्यांनी मला बसवलं, स्वतः बाकावर बसल्या, माठातलं पाणी दिलं. फळ्यावर कवितेची एक ओळ लिहिलेली होती आणि अक्षरांच्या डोक्यावर लघु-गुरूच्या खुणा केलेल्या होत्या. चौथीच्या मुलांना. मी पाणी प्यायलो आणि तिन्ही कागद त्यांच्या हातात दिले.

त्यांनी आधी फॉर्म पाहिला. “फ्रेंच?” म्हणाल्या. मग पत्र वाचलं. मग दाखला. तो बराच वेळ वाचला, खालच्या शेऱ्यासकट.

“हा आला होता?”

“हो.”

“इथे पंधरा दिवस लिहिलंय. दाखला कितव्या दिवशी आला?”

“आठव्या.”

त्यांनी चष्मा काढून पदराने पुसला. पुन्हा लावला नाही. “मग तो नियम?”

“नियम नव्हता.”

बाहेर दोन मुली विटेच्या तुकड्याने पायरीवर चौकोन आखत होत्या. बाईंनी त्यांना घरी जायला सांगितलं आणि परत बाकावर येऊन बसल्या.

“माझ्या वडिलांना शेवटपर्यंत वाटायचं,” त्या म्हणाल्या, “की मी कोऱ्या कागदावर सही केली म्हणून हे झालं. दोन वर्षं जगले ते इथे आल्यावर. बोलणं अडखळायचं, पण एवढं बोलायचे. मी दर वेळी सांगायची, नाही बाबा, त्या भाऊसाहेबांनी सांगितलंय, नियमच तसा आहे. तुमची बाजू घ्यायची मी त्यांच्यापुढे.”

घोकलेलं सगळं त्या क्षणी माझ्या डोक्यातून निघून गेलं. हंगामी नोकरी आठवली नाही, हेडक्लार्क आठवले नाहीत. मी खुर्चीवरून उठलो, कारण बसून बोलवेना.

“तुमच्या वडिलांचं खरं होतं,” मी म्हणालो. “तुमच्या सहीच्या वर जे लिहिलं ते मी लिहिलं. तुम्हाला न विचारता, आडनाव बघून लिहिलं. आठवडाभरात मला कळलं होतं. दुरुस्त करता येत होतं आणि मी केलं नाही, मुद्दाम लपवलं, आणि तुमच्या तोंडावर नियमाचं नाव सांगितलं. तुमचं वर्ष मी बुडवलं, बाई. तुमच्या वडिलांचं घर आणि अंगणातलं ते झाड माझ्यामुळे सुटलं. तुमचं काहीही चुकलं नव्हतं. हे मी त्या दिवशीच सांगायला हवं होतं. मला क्षमा करा.”